सतरा वर्षांचा मिडफिल्डर आणि पोर्तुगालची ट्रायल: साखळीच्या एका वडिलांना उत्तर

गोव्यातल्या साखळी गावाहून एका वडिलांनी विचारले आहे. मुलगा सतरा वर्षांचा, मधल्या फळीत खेळतो, अठरा वर्षांखालच्या संघात नियमित आहे. एका एजंटाने पोर्तुगालचा तीन महिन्यांचा कार्यक्रम सुचवला आहे. राहणे, सराव आणि शेवटी क्लबांसमोर ट्रायल, म्हणजे निवड चाचणी, सगळे मिळून काही लाख रुपये. आजीचा जन्म गोव्यातला, १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टही निघेल असे तो म्हणतो. पाठवावे का? आणि मिडफिल्डर म्हणून परदेशात खेळून पोट भरेल असे करिअर होते का?

या कार्यक्रमाला पाठवू नका. करिअर मात्र होते, आणि मिडफिल्डरसाठी सतरा हे वय उशिराचे मुळीच नाही. मी गोव्यात व्यावसायिक फुटबॉल खेळलो, पोर्तुगालच्या खालच्या विभागांत काही हंगाम काढले आणि आता फोंड्यात मुलांना शिकवतो. इतक्या वर्षांत माझे एक मत पक्के झाले आहे. परदेशातला क्लब मिडफिल्डरला ट्रायलवर घेत नाही. मोठ्यांच्या सामन्यात तो नव्वद मिनिटे काय करतो, ते पाहून घेतो. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे यातूनच निघतात, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ट्रायल कशी असते ते डोळ्यांसमोर आणा. बावीस अनोळखी मुले, दोन रंगांची बिब्स, वीस-पंचवीस मिनिटांचा एक डाव. विंगरला, म्हणजे कडेने धावणाऱ्याला, एकदा चेंडू मिळाला, त्याने बॅकला चकवून क्रॉस दिला, की काठावरचा माणूस वहीत नाव लिहितो. स्ट्रायकरने एक गोल केला तरी त्याचे काम झाले. मिडफिल्डरचे सगळे काम दुसऱ्यांच्या हातात असते. सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या बचावपटूने, चेंडू पायात द्यायला हवा, पुढच्याने धाव घ्यायला हवी, बाजूच्याने जागा राखायला हवी. पण तिथे प्रत्येक जण स्वतःला दाखवायला आलेला असतो. तुमचा मुलगा मोकळ्या जागेत जाईल, हात वर करेल, आणि सेंटर बॅक त्याच्या डोक्यावरून लांब चेंडू मारेल. वीस मिनिटे तो नुसता धावेल. पाहणाऱ्याला त्यातून एवढेच कळेल की मुलाला दम आहे. दम असलेली मुले त्यांच्या गावात भरपूर आहेत.

मग ते पाहतात काय? चेंडू येण्याआधी मुलगा कुठे बघतो, हे पाहतात. पोर्तुगालमध्ये गेल्यावर आमच्या प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात वीस मीटरच्या चौकटीत पाच विरुद्ध पाच खेळायला लावले. चेंडूकडे त्याचे लक्षच नव्हते. तो चौकटीच्या कोपऱ्यात उभा राहून आमच्या मानेकडे बघत होता. चेंडू दुसऱ्याच्या पायात असताना ज्याने मागे वळून पाहिले नाही, त्याच्यासाठी शिट्टी वाजायची आणि चेंडू समोरच्या संघाला मिळायचा. पास चांगला असो की वाईट, फरक पडत नव्हता. पहिल्या दिवशी सर्वाधिक शिट्ट्या माझ्याच नावाच्या होत्या. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी याच गोष्टीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. चेंडू मिळण्याआधी जो खेळाडू जास्त वेळा आजूबाजूला पाहतो, त्याचे पुढच्या दिशेचे पास अधिक यशस्वी होतात, असे त्यांना आढळले.

आपल्याकडे ही सवय उशिरा लागते, आणि त्याला कारण आहे. कापणीनंतरच्या शेतात, वाड्यावाड्यांच्या सामन्यांत, उन्हात आणि दमट हवेत खेळ आपोआप संथ होतो. चेंडू थांबवायला, पाय ठेवायला, मान वर करून पाहायला वेळ मिळतो. खडबडीत जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसतो, म्हणून डोळे चेंडूवरच राहतात. यातून मुलांचा पहिला स्पर्श फार चांगला होतो, आणि ही आपल्या मुलांची खरी कमाई आहे. पण पोर्तुगालमध्ये डिसेंबरात ओल्या गवतावर चेंडू सरपटत येतो. तुम्ही तो थांबवेपर्यंत कुणीतरी पाठीवर आलेला असतो. तिथे चेंडू मागच्या पायावर, अंग अर्धे वळवलेल्या स्थितीत घ्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्याच स्पर्शाला पुढे जाता येते. हे इथे, साखळीत, एक रुपया खर्च न करता शिकता येते. मुलाला सांगा, प्रत्येक सरावात चेंडू मागण्याआधी दोन्ही खांद्यांवरून बघ. सहा महिने हे केले तर तीन महिन्यांच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त फरक पडेल.

परदेशी खेळाडू म्हणजे काय, हे समजून घ्यायलाही लांब जावे लागत नाही. मडगावच्या फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवाचे सामने पाहा. एडू बेडिया स्पेनहून २०१७ मध्ये इथे आला आणि मधल्या फळीत कित्येक हंगाम खेळला. एप्रिल २०२१ मध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल त्याचाच होता, इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध. क्लबने त्याला का आणले? त्या जागी त्याच्या तोडीचा माणूस इथे मिळत नव्हता म्हणून. पोर्तुगालचा किंवा सायप्रसचा क्लबही तुमच्या मुलाचा हिशेब असाच करणार. त्यांच्याच गावात वाढलेला, भाषा येणारा, व्हिसा न लागणारा मुलगा असताना गोव्यातल्या मुलाला का घ्यायचे? सतराव्या वर्षी या प्रश्नाला उत्तर नसते. बावीस-तेविसाव्या वर्षी, मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये काही हंगाम खेळल्यावर, ते असू शकते.

आपल्याच लोकांची उदाहरणे पाहा. असोळण्याचा रोमिओ फर्नांडिस विंगर. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, ब्राझीलचा जुना दिग्गज झिको याच्या हाताखाली एफसी गोवाकडून चमकला आणि २०१५ मध्ये गोव्याच्या डेंपो क्लबकडून ब्राझीलच्या अत्लेतिको परानाएन्सेत लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, गेला. गुणवत्ता होती, शिफारस होती, मैदानावरही उतरला. पण नियमित जागा मिळाली नाही आणि तो परतला. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस मिडफिल्डर. किशोरवयात तो दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या अकादमीत होता. त्या वर्षांचा त्याला फायदा झालाच असणार. पण भारतीय संघाचा मिडफिल्डर तो झाला एफसी गोवात सामन्यामागून सामने खेळल्यावर. सुनील छेत्री २०१० मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीला आणि २०१२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंगला गेला. तिथे तो मुख्यतः बी संघात अडकला, आणि भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तो इथल्या सामन्यांवर झाला.

उलट बाजूने मनीषा कल्याणचे उदाहरण मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते. ती मधल्या फळीतही खेळते आणि आघाडीवरही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मानाउसला ब्राझीलविरुद्ध तिने गोल केला. भारत तो सामना ६-१ हरला, पण तो गोल जगाने पाहिला. गोकुळम केरळकडून ती सातत्याने खेळत होती. २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनने तिला घेतले आणि त्याच वर्षी ती महिलांच्या युएफा चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. पुढे ग्रीसच्या पाओककडे गेली. तिचे सामनेच तिची ट्रायल होते.

वयाची काळजी तर सोडूनच द्या. मिडफिल्डर उशिरा पिकतो. लुका मॉड्रिच अठराव्या वर्षी बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर खेळत होता, इंग्लंडला टॉटनहॅमकडे गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि २०१८ चा, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर त्याला तेहेतिसाव्या वर्षी मिळाला. एन्गोलो कांते २०१३ पर्यंत फ्रान्सच्या तिसऱ्या विभागात बुलोनकडून खेळला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. विंगरचा वेग वयाबरोबर उतरू लागतो. मधल्या फळीतली समज तिशीपर्यंत वाढत राहते.

आता एजंटाच्या कागदाकडे वळू. जागतिक फुटबॉल संघटना फिफाच्या बदली नियमांतले १९ वे कलम अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करायला मनाई करते. अपवाद मोजके आणि अरुंद आहेत. आईवडील फुटबॉलखेरीज दुसऱ्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले, किंवा बदली युरोपियन संघाच्या हद्दीतच सोळा ते अठरा वयात झाली, किंवा मुलगा सीमेजवळ राहतो, अशा प्रकारचे. साखळीतला मुलगा यांपैकी कशात बसत नाही. म्हणजे ट्रायलमध्ये तो कितीही चांगला खेळला तरी आज तिथला कुठलाही क्लब त्याची नोंदणी करू शकत नाही. कार्यक्रम तीनच महिन्यांचा का, याचाही विचार करा. शेंगेनचा, म्हणजे पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचाच मिळतो. त्यावर राहता येते, फिरता येते, पण पगार घेऊन खेळता येत नाही. उद्या अठरा पूर्ण झाली तरी क्लबला आधी करार करून कामाचा व्हिसा काढावा लागेल. २०२३ मध्ये पोर्तुगालच्या उत्तर भागात एका खासगी फुटबॉल अकादमीवर तिथल्या यंत्रणेने छापा घालून परदेशी अल्पवयीन मुलांची सुटका केली होती. स्वप्न दाखवून आणलेली आणि कागदपत्रे काढून घेतलेली मुले होती ती. प्रत्येक कार्यक्रम असा असतो असे मी म्हणत नाही. पण बाप म्हणून हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवे.

एजंटाला परवाना विचारा. २०२३ पासून फिफाने परीक्षा आणि परवाना पुन्हा सुरू केला आहे, आणि परवाना असलेल्यांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. त्याहून साधी कसोटी पैशांची. खऱ्या एजंटाची कमाई खेळाडूच्या करारातून होते, म्हणून तो करार व्हावा यासाठी स्वतः फोन फिरवतो. जो ट्रायलसाठी तुमच्याकडूनच लाखो रुपये घेतो, त्याची कमाई मुलगा विमानात बसण्याआधीच झालेली असते. पुढे करार होवो न होवो, त्याचे काही अडत नाही.

आणि पासपोर्ट. गोव्यात हा विषय घराघरांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या नावावरून पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, हे खरे. ते मिळाले तर युरोपात बिगर-युरोपीय खेळाडू म्हणून अडवले जात नाही, व्हिसाची कटकट संपते. एजंट हेच सांगणार. तो पुढचे सांगत नाही. भारतीय नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळेल, पण २००८ पासूनच्या धोरणानुसार भारतीय पासपोर्ट नसलेला खेळाडू भारताकडून खेळू शकत नाही. त्याहून मोठी गोष्ट रोजच्या पोटापाण्याची. असा खेळाडू परत आला तर भारतीय लीगमध्ये तो परदेशी खेळाडू धरला जातो. आयएसएलमध्ये अलीकडच्या हंगामांत मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. म्हणजे अठराव्या वर्षी पासपोर्ट बदललेला मुलगा एकविसाव्या वर्षी तिथे जमले नाही म्हणून घरी आला, तर आपल्याच फातोर्ड्याला त्याला स्पेन आणि ब्राझीलच्या तयार खेळाडूंशी जागेसाठी झगडावे लागेल. गोव्याचा मुलगा म्हणून जी वाट त्याला उघडी होती, ती त्यानेच बंद केलेली असेल.

उलट दिशेने आलेली माणसे आहेत. अराता इझुमी जपानमध्ये जन्मलेला मिडफिल्डर. त्याने जपानी नागरिकत्व सोडून भारतीय घेतले आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय घेतला. दोघांनीही हा निर्णय इथे खेळून, वय आणि समज आल्यावर घेतला. तुमच्या मुलालाही तो निर्णय स्वतः, मोठा झाल्यावर घेऊ द्या. ज्या घरातले आईवडील आधीच लिस्बनला किंवा इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरीसाठी स्थायिक झाले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. तुम्ही साखळीत आहात. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करण्याच्या आधीच जाणकार वकिलाला विचारा. नोंदणीनंतर विचारून फार उपयोग होत नाही.

इंग्लंडचे नाव कुणी घेतले तर तिथेच थांबवा. तिथल्या परवानगीची गुणपद्धत राष्ट्रीय संघाच्या क्रमवारीला मोठे वजन देते, आणि भारत शंभराच्या बाहेर आहे.

पैशांचे चित्रही स्वच्छ असू द्या. पोर्तुगालमध्ये वर दोन व्यावसायिक लीग आहेत, त्याखाली २०२१ पासूनची लीगा ३, मग काम्पेओनातो द पोर्तुगाल, आणि त्याखाली जिल्ह्यांच्या लीग. जिल्हा पातळीवर माझ्याबरोबर खेळणारे दिवसभर कारखान्यात किंवा बांधकामावर काम करून संध्याकाळी सरावाला यायचे. 'युरोपात खेळतो' या दोन शब्दांत यांतली कुठलीही पातळी बसते. म्हणून क्लबचे नाव विचारू नका, विभाग विचारा.

जेव्हा खरा करार समोर येईल, तेव्हा काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून वाचा. करार वैद्यकीय तपासणीवर किंवा वर्क परमिटवर अवलंबून ठेवायला फिफाचे नियम परवानगी देत नाहीत, तेव्हा तपासणी सहीच्या आधीच व्हायला हवी. मुदत वाढवण्याचा हक्क फक्त क्लबला असेल तर ते कलम बदलून मागा. गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर परत यायला साधारण नऊ महिने लागतात. त्या काळातला पगार, शस्त्रक्रिया आणि घरभाडे कोण देणार, हे कागदावर हवे. घर क्लब देणार असेल तर ते किती जणांत, हेही लिहून घ्या. माझ्या एका क्लबने पगार थकवला होता. तोंडी विनवण्या करून हाती काही लागले नाही. आता नियम असा आहे की दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर योग्य कारणाने करार मोडता येतो. म्हणून पगाराची प्रत्येक पावती आणि प्रत्येक ईमेल जपून ठेवायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा.

इथल्या नोंदीही नीट ठेवा. बाराव्या वर्षापासून तो ज्या ज्या क्लबकडून खेळला, ते सगळे एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, नोंदणी प्रणालीत आहे का, ते पाहून घ्या. पुढे त्याची पैसे देऊन बदली झाली तर रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत वाटा त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. तुमच्या गावच्या छोट्या क्लबसाठी ती मोठी रक्कम ठरू शकते, आणि नोंद नसेल तर ती त्यांच्या हातून जाते.

घरापासून लांब राहण्याबद्दल थोडेच सांगतो, कारण ज्याला खेळायला मिळते तो हे सगळे सोसतो. तिथला हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, त्यामुळे चवथीला घरी येणे विसरा. हुमण-भात स्वतः रांधायला शिकवून पाठवा. आणि भाषा. मिडफिल्डर मैदानावर सतत बोलतो, मागे माणूस आहे की नाही, वळायचे की परत द्यायचे हे त्याने सांगायचे असते. गप्प मिडफिल्डरवर सोबत्यांचा विश्वास बसत नाही आणि ते त्याला चेंडू देत नाहीत. पोर्तुगालला जायचे नक्की झाले तर आधी वर्षभर मैदानावरची पोर्तुगीज शिकवा. गोव्यात शिकवणारे सहज मिळतात.

तुमची घाई मला कळते. २०२५ चा आयएसएल हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, आणि कित्येक पालकांना वाटले की इथे काही उरले नाही. तरीही त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला एफसी गोवा सौदीच्या अल नस्रविरुद्ध खेळला, २-१ ने हरला, आणि गोव्याचा गोल आपल्याच ब्रायसन फर्नांडिसने केला. असा एक सामना परदेशातले क्लब पाहतात. तुमच्या मुलाने पुढची दोन-तीन वर्षे गोवा प्रोफेशनल लीगमध्ये मोठ्यांच्या संघात जागा मिळवावी, मग देशातली दुसऱ्या स्तराची लीग किंवा आयएसएल. बारावी आणि पुढचे शिक्षण त्याच्याबरोबर चालू ठेवता येते. तिथे नियमित खेळू लागल्यावर युरोपखेरीज आशियातल्या लीगही पाहा. तिथे जाणे सोपे असते.

त्या लाखो रुपयांतले थोडे पैसे मात्र आत्ताच खर्च करा. त्याच्या सामन्यांचे चित्रीकरण करून घ्या. उंचावरून, म्हणजे गॅलरीच्या वरच्या पायरीवरून किंवा शाळेच्या गच्चीवरून, सगळे मैदान दिसेल असे. कॅमेरा चेंडूमागे फिरवू नका, कारण चेंडू नसताना तुमचा मुलगा कुठे उभा असतो तेच बघायचे असते. संगीत घालू नका, चांगले क्षण कापून जोडू नका. पूर्ण नव्वद मिनिटे, हरलेला सामनासुद्धा, तारीख आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहून साठवा. असे पाच-सहा सामने जमले, त्यातले निदान दोन मोठ्यांच्या संघातले असले, की मला पाठवा. मी पाहून काय वाटते ते स्पष्ट सांगेन.